दुपारचं युनिट, संध्याकाळचं युनिट

ग्राहक : नेट मीटर लोकांना अवघड वाटतो, कारण बिल समोर धरून कोणी समजावून सांगत नाही. माझ्या छतावर तीन किलोवॅटचं सोलार आहे. एका महिन्याचा हिशेब घ्या. पॅनेलनी 360 युनिटं तयार केली. हा आकडा इन्व्हर्टरजवळच्या जनरेशन मीटरवर दिसतो. घराने त्या महिन्यात वापरली 300. बिलावर मात्र यातलं एकही सरळ दिसत नाही. तिथे असतं इम्पोर्ट 190 आणि एक्सपोर्ट 250. शेजारपाजारचे विचारतात, 360 तयार झाली आणि बोर्डाने 250च धरली, मग 110 खाल्ली कोणी? कोणी नाही. ती घरातच वापरली गेली. पाण्याची मोटर, फ्रिज, वॉशिंग मशीन, दुपारचे पंखे यांनी ती घेतली, मीटरपर्यंत ती पोचलीच नाहीत. उरलेली 250 बाहेर गेली, आणि ऊन उतरल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंत घराने 190 आत घेतली. दोन्हींची वजाबाकी करा, माझीच 60 जमा. त्या महिन्याचा वीज आकार शून्य, फक्त स्थिर आकार भरायचा, आणि 60 युनिटं पुढच्या महिन्यात ओढायची. मी दिलं तेवढं मला परत मिळालं. सामान्य माणसाला कळेल आणि तपासता येईल असा व्यवहार वीजबिलात याआधी कधी होता का?

अभियंता : आकडे बरोबर आहेत. माझी हरकत वजाबाकीला आहे. ती करताना आपण धरून चालतो की आत आलेलं आणि बाहेर गेलेलं युनिट एकाच मोलाचं. मीटर तसं धरतो, कारण नियमच तसा आहे. माझी उभी नोकरी सबस्टेशनांवर गेली. मला ती दोन युनिटं कधी सारखी दिसली नाहीत. दुपारी साडेबाराला तुमचं युनिट तारेत येतं तेव्हा राज्यातले मोठे सौर प्रकल्पही भरात असतात. वीज उदंड असते. त्या वेळी कोळशाचे संच खाली आणावे लागतात. पण असा संच साधारण पंचावन्न टक्क्यांच्या खाली नेता येत नाही, आणि पूर्ण थंड केला तर संध्याकाळपर्यंत पुन्हा उभा राहत नाही. म्हणून दुपारी गरज नसतानाही तो चालू ठेवायचा, कारण सात वाजता तोच लागणार आहे. सात वाजता तुमच्या घरी दिवे लागतात, टीव्ही लागतो, एसी लागतो आणि छत शून्यावर असतं. तेव्हा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचे 2,920 मेगावॅट वर चढवायचे आणि कोयनेची जनित्रं फिरवायची. कोयना 1,960 मेगावॅटची खरी, पण पश्चिमेकडे वळवून वीज करायला तिला वर्षाचं 67.5 टीएमसी पाणीच ठरवून दिलेलं आहे. ते गर्दीच्या तासांसाठी जपून वापरायचं असतं. तुम्हाला संध्याकाळी मिळणारं युनिट या पाण्यातून आणि त्या कोळशातून येतं. बाजारात आवक वाढून टोमॅटोचा भाव पडला त्या दिवशी पाच क्रेट आडत्याकडे टाकायचे, आणि भाव चढला की तेवढेच पाच क्रेट मागायचे, असा हा व्यवहार आहे. वजन जुळतं. भाव जुळत नाही.

ग्राहक : भाव पडलेला असतो हे तुम्ही गृहीत धरलंत. माझं दुपारचं युनिट जातं कुठे, ते आधी बघू. ते चंद्रपूरला परत जात नाही. आमच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे, पुढे एक झेरॉक्सचं दुकान, पलीकडे दवाखाना. माझी वीज तिथेच खपते. त्यांना ती पूर्ण दराने विकली जाते. चंद्रपूरहून आमच्या गावापर्यंत वीज आणायची म्हणजे उच्चदाबाच्या वाहिन्या, दोन-तीन ठिकाणी रोहित्रं, आणि वाटेतली गळती. माझ्या युनिटाला यातलं काही लागलं नाही. शिवाय माझ्या छतावरची वीज कंपनीच्या अपारंपरिक ऊर्जेच्या बंधनात मोजली जाते, ते श्रेयही त्यांनाच. पॅनेलचे पैसे माझे, कर्ज माझं, धूळ पुसायला शिडीवर चढते ती मी. एवढं सगळं घालून मी एका युनिटाच्या बदल्यात एकच युनिट मागते आहे.

अभियंता : गिरणीचा मुद्दा मी मान्य करतो, गल्लीत दोन-चार छतं असतील तोवर. आता गल्लीच्या डीपीवर, म्हणजे रोहित्रावर, वीस छतं धरा. रविवार, दुपारचा एक, गिरणी बंद, दवाखाना बंद. सगळ्यांची वीज बाहेर ढकलली जाते आणि घेणारं कोणी नाही. प्रत्येक इन्व्हर्टरला वीज बाहेर टाकायची तर तारेतल्यापेक्षा किंचित जास्त दाब द्यावा लागतो. वीस जणांनी तो दिला की लाइनच्या शेवटच्या टोकाला 230 चं व्होल्टेज 250 च्या पुढे सरकतं. मग शेवटच्या घराचा इन्व्हर्टर 'ओव्हर व्होल्टेज' दाखवून स्वतःहून थांबतो. भर उन्हात पॅनेल फुकट. तो माणूस व्हेंडरला फोन करतो, व्हेंडर म्हणतो बोर्डाला विचारा. दोष दोघांचा नसतो. ती तार वीज एकाच दिशेने यावी म्हणून टाकलेली होती. एका डीपीवर किती सोलार चालेल याची मर्यादा राज्याच्या वीज नियामक आयोगाने 2015 च्या नियमांत रोहित्राच्या क्षमतेच्या 40 टक्के ठेवली होती, 2019 मध्ये ती 70 टक्क्यांवर नेली. 2024 मध्ये केंद्राने नियम बदलले. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीच नको, आणि पाच किलोवॅटपर्यंतच्या छतासाठी तार किंवा रोहित्र वाढवावं लागलं तर ते वीज कंपनीने आपल्या खर्चाने करायचं. कंपनीचा खर्च कुठून येतो हे तुम्ही जाणता. तो सगळ्यांच्या दरात मिसळतो.

ग्राहक : तार वाढवायची नाही तर करायचं काय? वीज जास्त लागली म्हणून कोणी नवा बंगला बांधला, दोन एसी लावले, तरी डीपी वाढवावाच लागतो. तेव्हा कोणी म्हणत नाही की हा माणूस इतरांच्या पैशावर एसी लावतो. मी वीज घालते आहे तर मलाच का जाब?

अभियंता : कारण तुमच्या बिलावरचं शून्य. दोन एसीवाला तारेचं भाडं युनिटागणिक भरतो. तुम्ही तार त्याच्याइतकीच वापरता, किंबहुना जास्त, आणि भरत नाही. नवे सोलारवाले आमच्याकडे यायचे ते पहिल्यांदा लाईट गेली की. विचारायचे, माझं सोलार आहे, ऊन कडक आहे, मग घरात अंधार का? ऑन-ग्रिड इन्व्हर्टर तारेतल्या विजेची लय पकडूनच चालतो. सेकंदाला 50 आवर्तनांची ती लय त्याला तारेतून मिळते. तार मेली की त्याने तत्काळ थांबलंच पाहिजे, नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हाताखाली तुमच्या छतावरची वीज वाहत असेल. म्हणजे भर दुपारी, तुम्ही एक युनिटसुद्धा घेत नसताना, तुमचं छत आमच्या आधारावर उभं असतं. रात्री तर तुम्ही पूर्ण आमच्यावर. चोवीस तास लागणाऱ्या या आधाराचा खर्च बहुतांश युनिटाच्या दरात घालून वसूल होतो. 2024-25 चा दर बघा. वहन आकारच युनिटाला 1 रुपया 17 पैसे होता. सिंगल फेजचा स्थिर आकार शंभर-सव्वाशेच्या घरात. तारांचा, रोहित्रांचा, माणसांचा खर्च तेवढ्यात निघत नाही. युनिटं शून्य झाली की वहन आकारही शून्य होतो, आणि तार तिथेच असते.

ग्राहक : मग मी एलईडी दिवे लावले तेव्हाही तुमचं तेवढंच नुकसान झालं. पंचतारांकित फ्रिज घेतला, युनिटं घटली, वहन आकार घटला. त्या वेळी मात्र सरकार जाहिराती देऊन सांगत होतं की वीज वाचवा. वाचवलेलं युनिट आणि छतावर बनवलेलं युनिट यांत कंपनीच्या हिशेबाने फरक काय?

अभियंता : फरक सात वाजता दिसतो. एलईडीने सातच्या गर्दीत वीज वाचवली. तेवढं कोयनेचं पाणी वाचलं, तेवढी तार मोकळी झाली. तुमच्या सोलारने सातच्या गर्दीतून एक वॅटही कमी केलेला नाही. वीजयंत्रणा वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या तासाला पुरेल अशी बांधावी लागते. त्या तासाचा बोजा जसाच्या तसा राहिला आणि त्याचे पैसे देणारे तेवढे कमी झाले.

ग्राहक : हे उत्तर मला टोचलं, कारण त्याला खोडता येईल असं लगेच काही सुचत नाही. पण पैसे देणारे कमी झाले म्हणताना तुम्ही कोणाबद्दल बोलता? मी गेले म्हणून कोणावर बोजा पडला?

अभियंता : आपल्याकडचे स्लॅब आठवा. त्याच 2024-25 मध्ये वहन आकार धरून पहिल्या शंभर युनिटांना युनिटामागे 5 रुपये 88 पैसे, 101 ते 300 ला 11 रुपये 46, 301 ते 500 ला 15 रुपये 72, आणि पाचशेच्या वर जवळजवळ 18. ही चढण मुद्दाम ठेवलेली आहे. वरच्या स्लॅबवाला, दुकानदार आणि कारखानदार जास्त देतात म्हणून शंभर युनिटांच्या आतलं घर आणि शेतीपंप स्वस्तात चालतो. आता सोलार आधी कोण बसवतो? ज्याचं बिल मोठं, छत स्वतःचं आणि हातात पैसे आहेत तो. म्हणजे जो वरचे पैसे भरत होता तोच. तुमच्या 300 युनिटांचं बिल सोलार नसतं तर वीज शुल्क सोडून 2,880 रुपये झालं असतं. शंभर युनिटवाल्याचं 588. ऊन दोघांच्या छतावर सारखं पडतं. नेट मीटर त्याला युनिटामागे पावणेसहा-सहा रुपये वाचवून देतो, तुम्हाला साडेनऊ, आणि पाचशे युनिट जाळणाऱ्या बंगल्याला बारा. ज्याचा वापर मोठा त्याला त्याच उन्हाचे दुप्पट पैसे. आणि त्याच दुपारी शेतीच्या फीडरसाठी सौर कृषी वाहिनी योजनेत मोठ्या प्रकल्पांकडून तीन रुपयांच्या आसपास युनिट मिळतं. मग तुमच्या दुपारच्या युनिटाचं मोल साडेनऊ का, याचं उत्तर मला कोणी देऊ शकलेलं नाही.

ग्राहक : त्याचं उत्तर असं की स्लॅब मी केलेले नाहीत. साडेअकरा रुपये ही माझी किंमत नव्हतीच, ती कंपनीची किंमत होती. इतरांना स्वस्त देण्यासाठी माझ्याकडून ज्यादा घ्यायचे, आणि मी पर्याय शोधला की म्हणायचं गरिबांवर बोजा पडला. गरिबांना वीज स्वस्त मिळावी हे मलाही वाटतं. त्यासाठी सरकारने तिजोरीतून द्यावं, कर लावून द्यावं, अर्थसंकल्पात ओळ दिसेल असं द्यावं. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल 2024 पासून शासन भरतंय ना? तसं. माझ्या मीटरमध्ये दडवून समाजकार्य करायचं, आणि ते काम थांबलं की दोषी मी, हे मला पटत नाही. दुसरं, सोलार श्रीमंतांचं राहिलं हे पाच वर्षांपूर्वी खरं होतं. आता केंद्राच्या सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000, आणि पुढे काहीच नाही. 78,000 वर अनुदान थांबतं ते बंगल्यांसाठी नव्हे. राज्याने 2025 मध्ये शंभर युनिटांच्या आतल्या घरांसाठी वर आणखी मदत दिली. आमच्या कामवाल्या मावशींच्या पत्र्याच्या घरावर एक किलोवॅट बसलं तर महिन्याला शंभर-सव्वाशे युनिटं निघतील, त्यांचं सगळं बिल सुटेल. त्यांना तुम्ही काय सांगणार, सात वाजताचा हिशेब?

अभियंता : त्यांना काहीच सांगणार नाही. त्यांचं सुटलेलं बिल सहाशेचं आहे, त्याने यंत्रणेचं काही बिघडत नाही. पण छत नसलेल्यांचं बोला. पुण्यात, ठाण्यात, मुंबईत बहुसंख्य लोक फ्लॅटमध्ये राहतात. छत सोसायटीचं, त्यावर पाण्याच्या टाक्या, डिशच्या छत्र्या, लिफ्टची खोली. सोसायटीला सामाईक विजेसाठी किलोवॅटला 18,000 अनुदान आहे, लिफ्ट आणि पंपाचं बिल निघतं, ते चांगलंच. पण दहाव्या मजल्यावरच्या भाडेकरूचं घरगुती बिल तेवढंच राहतं. एकाच सौर पॅनेलचा हिशेब चार घरांत वाटून टाकायचा, म्हणजे ज्याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात, ते दिल्लीने 2019 पासून नियमात आणलं. तरी भाडेकरूने कोणत्या जोरावर सोसायटीच्या सभेत मागणी करायची? त्याला मतच नाही. जसजशी छतं भरतील तसतसा तारेचा खर्च थोड्या लोकांवर येईल, आणि त्या थोड्यांत हा भाडेकरू असेल. मला तो दिसतो, कारण तक्रार घेऊन तोही माझ्या टेबलापुढे उभा राहायचा.

ग्राहक : मग आता माझी तक्रार ऐका. आत आलेलं आणि बाहेर गेलेलं युनिट सारखं धरलं जातं, असं तुम्ही सुरुवातीपासून म्हणताय. 31 मार्चला धरलं जातं का? आर्थिक वर्ष संपलं की माझी जमा युनिटं कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते आणि खातं कोरं होतं. तो दर माझ्या घरच्या दराच्या पासंगालाही पुरत नाही. आता आपल्याकडचं हवामान बघा. पावसाळ्यात छत आळसावतं, कोकणात तर जुलै-ऑगस्ट जवळपास वायाच जातो. नोव्हेंबरपासून आकाश मोकळं होतं आणि पंखेही बंद असतात. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी मी युनिटं साठवत जाते. मार्चमध्ये ऊन कडक, साठा सगळ्यात मोठा. आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा कूलर आणि एसी सुरू होतात, त्याच्या नेमकं आदल्या दिवशी खातं पुसलं जातं. जूनअखेर हिशेब केला असता तर तीच युनिटं माझ्याच घरात खपली असती. ही तारीख ऊन बघून ठरलेली नाही, जमाखर्चाच्या वह्या बघून ठरलेली आहे. तेव्हा नेट मीटर म्हणजे ग्राहकाला दिलेलं दान आहे असं बोलताना हेही मोजा.

अभियंता : मोजतो. 31 मार्च ही तारीख ग्राहकाच्या विरोधात जाते, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. आणि यावर फार थोडे लोक बोलतात, कारण जमा युनिटं विकली गेल्याचं बिलावर एका ओळीत येतं आणि ती कोणी वाचत नाही. पण खोलात जाऊन बघा. दुपारचं युनिट सातला परत द्यायचं तर निदान साधन आहे. घाटघरला 250 मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज मुबलक असताना पाणी वर चढवायचं आणि गर्दीच्या वेळी खाली सोडायचं. त्यातही घातलेल्या चार युनिटांमागे साधारण एक वाटेत जातं. जानेवारीचं युनिट मेमध्ये परत द्यायला मात्र काहीच साधन नाही. ते दरवर्षी नव्याने बनवून द्यावं लागतं, कोळसा जाळून. जूनअखेरची मागणी ग्राहकाला सोयीची आहे, आणि यंत्रणेला ती दुपार-संध्याकाळच्या अदलाबदलीपेक्षाही महाग पडेल. मी ती नाकारत नाही. तिची किंमत आहे एवढंच सांगतो.

ग्राहक : हे सगळं ऐकून मला भीती वाटते ती कॅलिफोर्नियाची. तिथेही असंच झालं. आधी एकास एक, मग दुपारच्या विजेचा पूर, आणि डिसेंबर 2022 मध्ये तिथल्या आयोगाने ठरवलं की एप्रिल 2023 नंतर जोडणाऱ्या घरांना बाहेर टाकलेल्या युनिटाचा मोबदला वेळेनुसार मिळेल. तो आधीपेक्षा साधारण तीन चतुर्थांशाने खाली आला. छतावर सोलार बसवणाऱ्यांचा धंदा बसला. हवाई बेटांनी तर नवे नेट मीटर 2015 मध्येच बंद केले. आपल्याकडे आयोगाच्या 2019 च्या मसुद्यात महिन्याला 300 युनिटांच्या वरच्या ग्राहकांना नेट मीटर द्यायचाच नाही, विकायचा दर वेगळा आणि घ्यायचा वेगळा, असा घाट होता. लोकांनी हरकती घेतल्या म्हणून तो मागे पडला. मी बँकेकडून कर्ज काढलं, वीस वर्षांच्या करारावर सही केली. त्या कराराच्या मधेच खेळाचे नियम बदलले तर माझ्यासारखी बाई पुन्हा सरकारच्या कुठल्या हरित योजनेवर विश्वास ठेवेल?

अभियंता : कॅलिफोर्नियाने बदल उशिरा केला आणि एकदम केला, म्हणून तो जिव्हारी लागला. मला वाटतं आपण लवकर आणि थोडाथोडा करावा. तुम्हाला ठाऊक असेल, 2019 च्या अंतिम नियमांतच ग्रिड सपोर्ट चार्जेसची, म्हणजे तारेच्या आधारासाठीच्या शुल्काची, सोय आहे. राज्यातल्या छतांची एकूण क्षमता 5,000 मेगावॅट होईपर्यंत ते लावायचे नाहीत, आणि दहा किलोवॅटपर्यंतच्या घरांना सूट.  घड्याळाप्रमाणे दर ही कल्पनाही आलेलीच आहे. जुलै 2025 पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते पाचमधल्या वापरावर युनिटाला 80 पैसे सवलत मिळू लागली. म्हणजे दुपारचं युनिट स्वस्त आहे हे दरपत्रकाने कबूल केलं. ज्यांना वेळेनुसार दर आहेत त्यांचं एका वेळगटातलं जादा युनिट ऑफ-पीकमध्येच धरायचं, ही तरतूद तर नियमांत आधीपासून होती. ती आजवर कारखान्यांना लागायची. स्मार्ट मीटर घरोघर गेला की ती तुमच्या दाराशी येऊन उभी राहते.

ग्राहक : आली तर दोन्ही बाजूंनी यावी. माझं दुपारचं युनिट दुपारच्या भावाने धरणार असाल, तर मी सात वाजता दिलेलं युनिट सातच्या भावाने धरा. मी बॅटरी घेईन, दुपारी भरेन, संध्याकाळी तुमच्या तारेत सोडेन. कोयनेचं पाणी वाचेल. आज मला बॅटरी घ्यायचं काही कारणच नाही, कारण एकास एक नियमात तुमची तारच माझी साठवण आहे. इतका वेळ तुमचा राग खरं तर याच गोष्टीवर आहे, आणि त्यावरचा उपाय माझ्या हातात आहे, फक्त भाव खरा दाखवा.

अभियंता : इथे आपण दोघं एका जागी आलो, आणि माझी खरी काळजी इथूनच सुरू होते. भाव खरा दाखवला तर बॅटरी परवडणाऱ्याला दोन वाटा मोकळ्या होतात. संध्याकाळी वीज विकायची, किंवा जोडणीच लहान करून घ्यायची. मंजूर भार पाचवरून एक किलोवॅटवर आणायचा, तारेशी नातं नावापुरतं ठेवायचं, पावसाळ्यातल्या चार ढगाळ दिवसांसाठी. तार त्या चार दिवसांसाठी वर्षभर जपायची. एकास एक नियमाने निदान अशी घरं आमच्याशी बांधून ठेवली आहेत. त्यांची दुपारची वीज आम्हाला मिळते, गिरणी चालते. तेव्हा मी ज्या नियमावर टीका करतो तो मोडला की काय सुटतं याबद्दलही मला खात्री नाही.

ग्राहक : मग मी एक प्रस्ताव ठेवते. तारेचे पैसे मी भरायला तयार आहे. किती, ते किलोवॅटप्रमाणे वेगळ्या ओळीत छापा. युनिटाच्या दरात मिसळू नका. आकडा पॅनेल बसवण्याआधी सांगा आणि कराराच्या मुदतीत हलवू नका. तीन किलोवॅटपर्यंत तो माफ ठेवा, म्हणजे मावशींसारख्यांची छतं वाचतील. बाहेर टाकलेलं युनिट एकास एक राहू द्या, निदान त्या मर्यादेत.

अभियंता : तीन किलोवॅटपर्यंत माफ केलंत की माफी कोणाला मिळते बघा. अनुदान तीनवर थांबतं म्हणून बहुतेक लोक नेमकं तीनचंच बसवतात. तुम्ही स्वतः तीनच्याच आहात. म्हणजे भरणारे उरतील ते थोडे मोठे बंगले, आणि छत नसलेले सगळे. मर्यादा एकवर आणली तर मावशी सुटतात आणि तुमचा हप्ता लांबतो. दीडवर आणली तर अनुदानाला तीनची पायरी आणि शुल्काला दीडची, एका योजनेचं दुसरीशी पटत नाही. मी असल्या मर्यादा आखणाऱ्यांच्या बैठकांना बसलेलो आहे. कागदावर ती एक रेघ असते. तिच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी असतात.

ग्राहक : मग रेघ अंदाजाने आखू नका. स्मार्ट मीटरमुळे प्रत्येक फीडरवर कोणत्या वेळी किती आत आलं, किती बाहेर गेलं, हे आता कळू शकतं. आयोगाच्या सुनावणीत कंपनीने राज्याची सरासरी ठेवू नये. आमच्या फीडरचा तासागणिक हिशेब ठेवावा. माझ्या तीन किलोवॅटने किती गळती वाचवली, किती रोहित्रं वाढवावी लागली, सातच्या गर्दीत माझा वाटा किती. नाशिकच्या गिरणीच्या गल्लीत एक उत्तर येईल, चिपळूणच्या वाडीत वेगळं येईल.

अभियंता : ते मागा, मीही तुमच्याबरोबर अर्जावर सही करतो. आणि हिशेब तुमच्या विरोधात निघाला तर?

ग्राहक : तर नव्या छतांचा दर बदला. माझं म्हणणं मी मागे घेईन. पण ज्यांनी करार केलाय त्यांची वीस वर्षं तशीच पुरी होऊ द्या.

अभियंता : ती पुरी होऊ दिली पाहिजेत, शब्द दिलाय म्हणून. त्या वीस वर्षांत तुमच्या वाट्याचे तारेचे पैसे दहाव्या मजल्यावरच्या भाडेकरूने भरायचे की शासनाने, हे मात्र करारात कुठेच लिहिलेलं नाही. तुमच्या अर्जात तो प्रश्न पहिल्या ओळीत घाला.